कंबरेतून निघते, पायात उतरते

हिंगोली जिल्ह्यात चाकावर पोट असलेल्या माणसाला कंबरेचं विचारावं, तर उत्तर ठरलेलं असतं. मणक्यात गॅप पडला. नस दबली. डॉक्टर म्हणतेत, गाडी सोडा. मग सीटमागच्या कप्प्यातून एमआरआयचा भला मोठा लिफाफा निघतो. ट्रॅक्टरवाला असो, काळी-पिवळीवाला असो, वसमत आगारातला एसटीचा चालक असो की रोज सेनगावहून दुचाकीवर येणारा शिक्षक, खापर फुटतं ते सीटवर. उपायही मग सीटवरच होतो. जाड स्पंज टाकायचा, मण्यांचं कव्हर चढवायचं, कंबरेला पट्टा आवळायचा.

हे खापर कितपत खरं, सीटमध्ये काय बदललं तर कळ कमी होते आणि कुठे सीटचा फारसा संबंधच नसतो, यावर गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगभर बरंच काम झालं आहे. त्यातले निष्कर्ष वरवर पाहता एकमेकांशी भांडतात. नीट लावून पाहिले तर ते भांडण बरंचसं मिटतं.

आधी दुखणं कुठलं ते पाहू. कंबर धरणं वेगळं आणि पायात कळ उतरणं वेगळं. कंबर धरली की स्नायू आखडतात, वाकता येत नाही, चार-आठ दिवसांत सुटते. दुसऱ्या दुखण्यात कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो. कुल्ल्यातून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीत, तिथून घोट्यात किंवा अंगठ्यापर्यंत विजेसारखी जाते. मुंग्या येतात, कधी पावलाचा एखादा भाग बधिर होतो, खोकलं-शिंकलं तरी चमक निघते. चरकसंहितेत ‘गृध्रसी’ या नावाखाली कळेचा हाच मार्ग सांगितला आहे: कुल्ला, कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. हे दुखणं हाडाचं किंवा सांध्याचं नसून नसेचं असतं, हे इटलीतल्या दोमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ मध्ये लिहिलं. नसेला त्रास देणारी वस्तू बहुतेक वेळा दोन मणक्यांमधल्या चकतीतून बाहेर आलेला तुकडा असते, हे अमेरिकेतल्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवलं. तेव्हापासून चकती हीच गुन्हेगार ठरली आणि चकतीवर दाब आणणारं काहीही तिचं साथीदार.

यात सीट अडकली ती अशी. स्वीडनचे आल्फ नाखेमसन यांनी जिवंत माणसाच्या चकतीत सुई घालून दाब मोजला. उभं राहिल्यावरचा दाब १०० धरला, तर टेका न घेता बसल्यावर तो १४०च्या आसपास आणि पुढे झुकून बसल्यावर १८५पर्यंत जातो, असं त्यांच्या आकड्यांवरून दिसलं. पाठोपाठ १९७५ मध्ये जेनिफर केल्सी आणि हार्डी यांचा अमेरिकेतला अभ्यास आला. कामाचा निम्मा किंवा जास्त वेळ गाडी चालवण्यात जाणाऱ्या पुरुषांत चकती सरकण्याचं प्रमाण इतरांच्या जवळपास तिप्पट होतं, ट्रकवाल्यांत त्याहून जास्त. ड्रायव्हरकी म्हणजे मणक्याचं वाटोळं, हा समज तिथून पक्का झाला.

पुढची पानं मात्र फारशी कोणी उलटली नाहीत. जर्मनीतल्या उल्म इथे १९९९ मध्ये चकतीचा दाब नव्या साधनांनी पुन्हा मोजला गेला, एकाच स्वयंसेवकावर. त्यात सैल बसल्यावरचा दाब उभं राहिल्यावरच्या दाबापेक्षा किंचित कमीच भरला, आणि मागे रेलून बसल्यावर तर जवळपास निम्मा. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये फिनलंडमधल्या जुळ्या भावांच्या ४५ जोड्यांचा अभ्यास आला. भाऊ अगदी एकसारखे, फरक एवढाच की एकाचा जन्म गाडी चालवण्यात गेलेला, दुसऱ्याचा नाही. दोघांच्या मणक्यांची झीज सारखीच निघाली.

आपल्याकडचा पुरावाही याच बाजूचा आहे आणि हिंगोलीकरांसाठी तो जास्त मोलाचा. दिल्लीच्या संशोधकांनी ट्रॅक्टर चालवणारे ५० शेतकरी आणि ट्रॅक्टर न चालवणारे ५० शेतकरी निवडले. वय, जमीन, कामाची पद्धत, सगळं जुळवून. १९९९ मध्ये निष्कर्ष छापले गेले. ट्रॅक्टरवाल्यांची पाठदुखीची तक्रार ठळकपणे जास्त होती. शारीरिक तपासणीत आणि एमआरआयमध्ये मात्र दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक नव्हता.

माझ्या मते साऱ्या प्रश्नाची किल्ली इथे आहे. दुखणं खरं आहे, ते वाहनामुळे वाढतं हेही खरं. पण सीट मणका झिजवते, याला भक्कम आधार नाही. मणका वयानं आणि वंशानं झिजतोच. कुठलंही दुखणं नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करणारा एक आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. हे सगळे ठणठणीत होते. पन्नाशीतला चालक एमआरआयसाठी नांदेडला ८०-९० किलोमीटरची धाव घेऊन आला आणि अहवालात झीज निघाली, तर त्यातून तो पन्नाशीचा आहे एवढंच बहुतेक वेळा कळतं. सीट जे करते ते वेगळं आहे. आधीच चिडलेल्या नसेला ती रोज डिवचते. आणि डिवचणं थांबवता येतं. मणका नवा करून मिळत नाही.

डिवचण्याच्या वाटा तीन: कोन, हादरा आणि वेळ.

कोनाचं शास्त्र अमेरिकेतल्या ओमाहाच्या जे. जे. कीगन या न्यूरोसर्जननं १९५३ मध्ये एक्स-रे काढून मांडलं. उभं असताना कंबरेला आतल्या बाजूनं जो बाक असतो, तो मांड्या पोटाकडे येतील तसा सपाट होत जातो. सीटचा मागचा भाग बसलेला असला, म्हणजे स्पंज दबून खड्डा पडलेला असला, की कुल्ले गुडघ्यांच्या खाली जातात आणि कंबर उलटी, बाहेरच्या बाजूला वाकते. जुन्या जीपमध्ये आणि टमटममध्ये हा खड्डा हमखास सापडतो. त्यात पाय लांब करून क्लच दाबायचा. फिजिओथेरपिस्ट नस चिडली आहे का हे पाहायला रुग्णाला पाठीत पोक काढून बसवतात, मान खाली घालायला लावतात आणि मग गुडघा सरळ करायला सांगतात. ऑस्ट्रेलियाच्या जेफ्री मेटलंड यांनी ती तपासणी रूढ केली. खड्डा पडलेल्या सीटवर मागे सरकून बसलेला चालक दर क्लचला हीच तपासणी स्वतःवर करत असतो.

म्हणून पहिला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. सीट इतकी पुढे घ्यावी की क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा बाक राहील. मागचा खड्डा जुनी चादर घट्ट घडी करून भरावा, म्हणजे कुल्ले गुडघ्यांच्या पातळीला किंवा बोटभर वर येतील. पाठीचा टेका ताठ नव्वद अंशांत नको. १०० ते ११० अंशांपर्यंत मागे रेललेला बरा, मात्र स्टिअरिंगसाठी खांदे टेक्यावरून उचलावे लागणार नाहीत इतकाच. पँटचा पट्टा येतो त्या उंचीवर खांद्यावरच्या रुमालाची गुंडाळी ठेवावी. ती जाणवली पाहिजे, टोचली नाही पाहिजे. साठच्या दशकात व्होल्वोनं कमी-जास्त करता येणारा कंबरेचा आधार गाड्यांत बसवला, त्यामागचं तत्त्व या रुमालाहून वेगळं नाही. सीटची पुढची कडा आणि गुडघ्यामागची खोबण यांत दोन-तीन बोटांची जागा हवी, नाहीतर मांडीखालची नस तिथेच दबते. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवावं. १९७८ मध्ये एका अमेरिकी डॉक्टरनं जाडजूड पाकिटावर बसून पायात कळ उतरलेल्या रुग्णाबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. तेव्हा तो गमतीचा विषय झाला. पण एकाच कुल्ल्याखाली दिवसभर असलेली तेवढी उंची ही काही गंमत नव्हे.

हादऱ्याची गोष्ट मात्र हिंगोलीत बसून सांगण्यात एक वेगळी मजा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्रानं तिला सुमारे २,६०० कोटींची अंतिम मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि अवकाशातून येणारी गुरुत्वीय लहर मोजायची. जागा निवडताना जमीन किती शांत आहे, ती किती थरथरते, हे काटेकोरपणे तपासलं गेलं. जगाच्या दृष्टीनं कमी हादऱ्यांची म्हणून निवडलेल्या याच परिसरातल्या पाणंदीवर ट्रॅक्टरवाला उसळत असतो.

त्या वेधशाळेत ४० किलोचा आरसा जमिनीच्या थरथरीपासून वाचवायला तो एकाखाली एक अशा चार लोलकांना टांगतात. नियम असा की टांगलेली वस्तू स्वतःच्या लयीत जितकी संथ झुलते, तितका तिच्याहून वेगवान हादरा तिच्यापर्यंत कमी पोचतो. हादरा आणि झुलण्याची लय सारखी झाली, तर मात्र तो कमी होत नाही, वाढतो. चांगल्या सीटखालची स्प्रिंग हेच काम करते. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा वर-खाली होणाऱ्या हादऱ्याला सर्वांत जास्त साथ देतो. दुर्दैव असं की साध्या स्पंजची लयही सेकंदाला चारच्या आसपास पडते. म्हणजे जाड मऊ गादी छोटी खरखर गिळते, पण कंबरेला नकोसा असलेला नेमका हादरा वाढवून देते. वर ती तळाला टेकली की दणका थेट मणक्यात. चार इंची मऊ स्पंज टाकून समाधान मानणाऱ्यांची निराशा होते ती यामुळे. पातळ, घट्ट, न बसणारा फोम आणि त्याखाली संथ लयीची स्प्रिंग, हा बरोबर क्रम आहे.

ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला बहुधा स्प्रिंग नसतेच. टायर आणि सीट हेच काय ते. सीटखाली चालकाच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग घट्ट-सैल करायची सोय बऱ्याच ट्रॅक्टरांत असते. ती नव्या ट्रॅक्टरबरोबर येते, चिखलात गंजते आणि कोणी तिला हात लावत नाही. पन्नास किलोचा मुलगा आणि नव्वद किलोचे वडील एकाच सेटिंगवर बसतात. ग्रीस लावून ती मोकळी करणं हा कुठल्याही कुशनपेक्षा चांगला खर्च आहे. शेतात टायरची हवा कंपनीनं शेतासाठी सांगितलेल्या मापावर आणणं आणि पाणंदीवर एक गिअर खाली ठेवणं, यांनीही दणका उतरतो. मडगार्डवर बसणाऱ्याच्या जिवाला धोका आहेच. शिवाय त्याच्या आणि आसाच्या मध्ये काहीच नसतं.

काळी-पिवळीची तऱ्हा निराळी. औंढ्याच्या नाहीतर कळमनुरीच्या रस्त्यावर पुढच्या बाकड्यावर चार जण कोंबले की चालक अर्धा दाराबाहेर असतो, एक कुल्ला सीटवर, कंबर पिळलेली, डावा पाय कुणाच्या तरी गुडघ्याला वळसा घालून क्लचवर. यावर कुठलंही कुशन चालत नाही. एक सवारी कमी घेणं हाच उपाय, आणि तो चालकाच्या खिशाला लागतो. हे डॉक्टरांच्या सल्ल्यात कधी येत नाही.

एसटीतल्या प्रवाशाला मात्र निवडीला वाव आहे. दोन्ही आसांच्या मधोमधची जागा सर्वांत कमी उसळते, मागच्या चाकापलीकडचं शेवटचं बाकडं सर्वांत जास्त. पायात कळ असलेल्या माणसानं नांदेडपर्यंत खिडकीसाठी मागे जाऊन बसू नये. दुचाकीवर एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या बायकांना कंबर पिळलेल्या अवस्थेतच गतिरोधक झेलावे लागतात. दुखणं असेपर्यंत तरी दोन्हीकडे पाय टाकून बसणं बरं. घरातल्या ज्येष्ठांना ते खटकलं तर खटकू द्यावं.

तिसरी वाट वेळेची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित. उत्तम सीटवरही तास-दीड तास न हलता बसलं की मणक्याभोवतीचे बंध ताणून सैलावतात, स्नायू थकतात. उतरल्यावरही ते लगेच पूर्ववत होत नाहीत, म्हणून उतरल्याबरोबर ओझं उचलणं वाईट. हळदीच्या हंगामात हिंगोलीच्या मार्केट यार्डात हेच रोज घडतं. दोन तास ट्रॅक्टर हाकायचा, नंबर लागला की टुणकन उतरून पोत्याला हात घालायचा. मधे पाच मिनिटं चाललं, कंबरेवर हात ठेवून चार वेळा मागे वाकलं, मग पोतं धरलं तर फरक पडतो. चहाची वेळ पोत्यांनंतर ठेवण्याऐवजी आधी ठेवावी, इतकंच.

नोकरीतल्या चालकाला मात्र वेळ स्वतःच्या हातात नसते. १९६१च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांहून जास्त काम नाही, त्यानंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं ठरवून दिलं होतं. पाठीच्या दृष्टीनं पाच तास हा फार लांबचा पल्ला आहे, आणि खासगी सहाआसनी गाड्यांत तोही कोणी मोजत नाही. युरोपीय संघानं २००२ मध्ये हादऱ्यांनाच माप लावलं. आठ तासांच्या हिशेबानं ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला मालकानं उपाय सुरू करायचे, १.१५च्या वर कामगाराला बसवायचंच नाही. जर्मनीनं तर १९९३ पासून वर्षानुवर्षं हादरे खाऊन झालेला कंबरेच्या चकतीचा आजार भरपाईच्या यादीत घेतला आहे. फिनलंडच्या जुळ्यांचा अभ्यास समोर ठेवला तर या कायद्याचं शास्त्र थोडं लंगडं आहे. पण दुखण्याची जबाबदारी एकट्या चालकावर न टाकण्याची बुद्धी त्यात आहे, आणि ती मला शास्त्राइतकीच महत्त्वाची वाटते.

आता ज्याच्या पायात कळ उतरलेलीच आहे, त्यानं काय करावं? पहिली गोष्ट म्हणजे खाटेवर पडून राहू नये. नेदरलँड्समध्ये १८३ रुग्णांवर प्रयोग झाला, १९९९ मध्ये छापला गेला. निम्म्यांना दोन आठवडे सक्तीची विश्रांती, निम्म्यांना जमेल तसं हिंडणं-फिरणं. बारा आठवड्यांनी दोन्हीकडचे ८७ टक्के सुधारले होते. विश्रांतीनं काहीच जास्त मिळालं नाही, आणि रोजंदारीवर असलेल्याचे दोन आठवडे बुडाले असते ते वेगळे. या आकड्यातला दिलासाही लक्षात घ्यावा: बहुतेकांची कळ तीन महिन्यांत आपोआप उतरते. त्यामुळेच त्या काळात घेतलेला प्रत्येक उपाय, मग तो पट्टा असो, चटका असो की कुठल्याशा गावचा मालिशवाला, गुणकारी वाटतो. मालिशीनं स्नायू सैल होतात, बरं वाटतं, जरूर करावी. पण ‘शीर जागेवर बसवतो’ म्हणून कंबरेला झटका देणाऱ्यापासून, पायात कळ असताना, लांब राहावं. वजन लावून कंबर ताणण्याच्या ट्रॅक्शनचीही तीच गत. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं २०१६च्या मार्गदर्शिकेत पट्टे आणि ट्रॅक्शन दोन्ही देऊ नयेत असं म्हटलं आहे.

गोळ्यांत एक खास सावधगिरी चालकांसाठी. नसेच्या दुखण्यावर म्हणून प्रीगॅबलिन सर्रास लिहून दिलं जातं. २०१७ मध्ये सायटिकाच्या, म्हणजे याच पायात उतरणाऱ्या कळेच्या, २०९ रुग्णांवरच्या चाचणीत ते पायाच्या कळेवर खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, चक्कर मात्र जास्त आली. चक्कर आणि गुंगी घेऊन अकोला-नांदेड महामार्गावर स्टिअरिंग धरणं कसं, हे लिहून देणाऱ्याला विचारायलाच हवं. मेडिकलवरून नाव नसलेल्या पुड्या घेणाऱ्यांबद्दल काय बोलावं!

व्यायामात न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेंझी यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. १९५६ मध्ये पायात कळ असलेला त्यांचा एक रुग्ण चुकून डोकं वर केलेल्या खाटेवर पालथा झोपला, म्हणजे भुजंगासनासारखा मागे वाकून. थोड्या वेळानं पायातली कळ गेली होती. त्यातून त्यांनी जो नियम काढला तो कुणालाही घरी वापरता येतो. हालचाल केल्यावर कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कंबरेत अशी वर सरकत असेल, तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, हालचाल योग्य आहे. कळ खाली बोटांकडे उतरत असेल तर थांबावं. मात्र साठी ओलांडलेल्यांत अनेकदा मणक्यातली नळीच अरुंद झालेली असते. त्यांना मागे वाकलं की त्रास होतो, चाललं की पाय भरून येतात आणि बसलं की आराम पडतो. मुलाला छळणारी तीच सीट वडिलांना सुखाची वाटते. म्हणून एकाचा व्यायाम दुसऱ्यानं उचलू नये. पुन्हा पुन्हा धरणाऱ्या कंबरेसाठी साधं चालणं उपयोगी पडतं, हे ऑस्ट्रेलियातल्या ७०१ जणांच्या २०२४ मधल्या चाचणीत दिसलं. चालणाऱ्यांत दुखणं परतायला साधारण २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांत ११२.

शस्त्रक्रियेची भीती आणि घाई, दोन्ही अनाठायी. नेदरलँड्समधल्याच २८३ रुग्णांच्या २००७च्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, पण वर्षअखेर दोन्ही गटांतले सुमारे ९५ टक्के बरे होते. थांबणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना मधल्या काळात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. म्हणजे दीड-दोन महिने सोसूनही कळ असह्य असेल तर शस्त्रक्रिया चांगला मार्ग आहे. पहिल्याच आठवड्यात एमआरआय पाहून ठरवण्याची गोष्ट ती नाही.

याला अपवाद थोडे, पण ते विसरायचे नाहीत. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बैठकीची जागा आणि मांड्यांची आतली बाजू बधिर झाली, दोन्ही पायांत कळ उतरली, तर रात्र काढू नये. हे काही तासांतच शस्त्रक्रिया लागू शकणारं दुखणं आहे. हिंगोलीच्या जिल्हा रुग्णालयात किंवा नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तातडीनं पोचावं, तेही स्वतः गाडी चालवत नव्हे, मागच्या सीटवर आडवं होऊन. ताप, अंगातून उतरत चाललेलं वजन किंवा पूर्वीचा कर्करोग असेल तरीही थांबू नये.

पुन्हा स्टिअरिंगवर कधी बसावं, हे दुखण्यापेक्षा ताकदीवर ठरवायला हवं. सकाळी अंगणात टाचांवर दहा पावलं चालून पाहावं, मग एकेका पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच पाच-सहा वेळा उचलून पाहावी. टाचांवर चालताना पाऊल आपटत असेल, तर पाऊल वर उचलणारी नस कमजोर आहे. चवड्यावर उभं राहता येत नसेल, तर ब्रेक दाबणारी. यातलं काहीही उजव्या पायाला जमलं नाही तर त्या दिवशी किल्ली दुसऱ्याच्या हातात द्यावी, मग कळ असो वा नसो, आणि नुसती दुर्बलता वाढत असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.